भोंगा वाजतोय, वाजू दे

आक्का,

तुम्ही गेलात त्या सकाळची गोष्ट दादा येईल त्याला सांगतात. तुम्ही ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसला होतात. एकाएकी हात थांबले आणि तुम्ही म्हणालात, "आवं, ह्यो भोंगा न्हाई. ह्ये येगळं हाय. गाडी काढा." दादांनी गाडी काढली. तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन गाडीत बसलात, जाताना शेंगांवर सूप पालथं घातलंत. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली, पण दुपार व्हायच्या आत तुम्ही गेलात. एवढं सांगून झालं की दादा थांबतात, आणि समोर कोणीही असो, त्यालाच विचारतात, "पन तिला कळलं कसं?"

भेटायला आलेली माणसं नुसती मान हलवतात. तुमचा भोंगा म्हणजे काय तेच त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि तरी उत्तर देता येत नाही. तिकडे इंग्लंडात माझी नात इरा आहे, तिलाही ठाऊक आहे. तुम्ही गेल्याचं कळल्यावर ती पोटभर रडली आणि मग तिने दादांचाच प्रश्न उलटा करून मला विचारला. "आजी, थोरल्या आजीचा भोंगा शेवटी खरा निघाला ना? मग माझा खोटा आहे हे कशावरून?" तेव्हापासून ती खोलीच्या बाहेर पडलेली नाही. तुम्ही इतक्या कष्टाने तिला जिन्यापर्यंत, रस्त्यापर्यंत, कॉलेजपर्यंत नेलं होतंत. सगळं एका बातमीने मागे आलं.

म्हणून हे लिहायला बसले. इरा आणि तिचा भाऊ हे वाचतील, अक्षरं लावत लावत, म्हणून सोपं लिहिते. पण बोलते तुमच्याशी. तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नव्हती. तुम्ही पलूसजवळ गावात, मी विश्रामबागेत, मनात आलं की बस धरायची. थोरली जाऊ म्हणून मी तुम्हाला, आणि थोरले दीर म्हणून दादांनाही, कायम 'अहो-जाहो' केलं, आणि तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'शाले' म्हणालात. आमच्या साताऱ्याच्या घरात मला असं कोणी हाक मारत नसे. पहिल्यांदा राग आला होता. आता ती हाक मारणारं कोणी उरलं नाही.

तुमचा पहिला भोंगा साताऱ्यातच वाजला. माझ्या भाचीचं लग्न. अक्षता पडल्या होत्या, पंगत बसली होती. तुम्ही जिलेबीचा तुकडा मोडलात आणि तसाच पानात ठेवलात. माझं मनगट धरलंत. तुमचा तळवा ओला आणि गार होता.

"शाले, मी चालले गं."

मी म्हटलं, "अहो आक्का, जेवून तरी जा."

यावरून तुम्ही मला पुढे किती छळलंत. कोणाच्या घरी जेवणाचा आग्रह झाला की तुम्ही म्हणायच्या, "हिला इचारा. ही मरनाऱ्या मानसाला बी जेवल्याबिगर सोडत न्हाई."

त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. छाती धडधडत होती, हातांना मुंग्या, श्वास पुरत नव्हता. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. हृदय स्वच्छ निघालं. तरुण डॉक्टर होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काळजीचं कारण नाही. पॅनिक अटॅक होता." दादा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी त्यातला दुसरा शब्द उचलला आणि गावाला फोन लावला. "आक्काला अटॅक आला."

आपल्याकडे अटॅक एकच असतो. आपण घरी पोचलो तेव्हा गल्लीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. दारात शहाळ्यांची रास. तुमची बहीण रडायच्या तयारीने आली होती आणि तुम्हाला गाडीतून आपल्या आपण उतरताना बघून तिची पंचाईत झाली. तरी तिने रडून घेतलं. मी प्रत्येकाला समजावत होते, हा तो अटॅक नव्हे, हा वेगळा. माणसं म्हणत, "व्हय व्हय, बारीक असंल."

त्या एका शब्दाने तुमच्याभोवती कुंपण घातलं. जिना चढू नका. शेताकडे जाऊ नका. घागर उचलू नका. बिनमिठाची भाजी. लग्नाकार्यात गर्दी, तिथे नको. बाजारात धक्के, तिथे नको. तुम्ही गोठ्यापर्यंत गेलात तरी मागून कोणीतरी यायचं. पहिल्यातून वाचली, दुसऱ्याला जपा, तिसऱ्यातून माणूस उठत नाही, हे तुमच्या तोंडावर बोललं जायचं. आणि झालं असं की चहा प्यायल्यावर, उन्हातून आल्यावर, कोणाचंही काळीज जसं जरा जोरात चालतं तसं तुमचं चाललं, की तुम्हाला वाटे, आला दुसरा. तसं वाटलं की ते आणखी जोरात. तुम्ही स्वतःच एकदा म्हणालात, "आवं, माजा तिसरा कवाच हून गेला. धाव्वा बी झाला. आता मी हाय का गेले, कुनीतरी बगून सांगा की."

हसत म्हणालात, पण तेव्हा तुम्ही उंबऱ्याबाहेर पडायच्या बंद झाल्या होत्या.

मी दादांना सांगून पाहिलं. पॅनिक म्हणजे भीतीचा झटका, हा आजार आहे, याला चिंताविकार म्हणतात, याला औषध आहे. दादा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते ताठ बसले. "फौजीची बायकू घाबरत नस्ती, शालिनी." तुम्ही खाली मान घालून तांदूळ निवडत राहिलात. तेव्हा मला दिसलं की तुम्ही दोन शब्दांच्या मध्ये अडकला आहात. अटॅक म्हटलं तर शहाळी येत होती, घाबरणं म्हटलं तर लाज.

तरी मिरजेला जायला दादाच तयार झाले, आणि तेही 'अटॅक' याच शब्दामुळे. अटॅक झाला असेल तर कुठल्या बाजूने झाला ते बघायला हवं, असा त्यांचा हिशेब. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसताच त्यांनी विचारलं, "सायेब, दुश्मन कुठं हाय?"

डॉक्टर वयस्कर होते. हसले नाहीत. म्हणाले, "दुश्मन नाही, सुभेदारसाहेब. पहारेकरी चांगला आहे, जागा आहे, पण कोणी नसताना शिट्टी वाजवतोय."

दादा विचारात पडले. तुम्ही पदर सावरून म्हणालात, "म्हंजी कारखान्याचा भोंगा. पाळी सुटली न्हाई, आन भोंगा वाजतोय."

आपल्या गावात साखर कारखान्याच्या भोंग्यावर चुली पेटतात. हंगाम चालू झाला की तो आवाज आपल्या दारातून, भांड्यांतून, दातांतून जातो. तुम्ही पुढे म्हणालात, "आवाज खरा हाय. कान किटतात. पन पाळी सुटली न्हाई." डॉक्टरांनी तुम्हाला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, आता मला जास्त काही सांगायचं उरलं नाही, फक्त यंत्र दाखवतो.

ते यंत्र त्यांनी असं दाखवलं. उसात पाय टाकता आणि तळव्याखाली काहीतरी मऊ लागतं. साप की ठिबकची नळी, हे मनाला कळायच्या आत पाय वर आलेला असतो. काळीज दुप्पट वेगाने रक्त पाठवतं, श्वास वाढतो, हातापायांकडे ताकद जाते, पोटाचं काम थांबतं. हे कोणी शिकवलेलं नाही. जिवंत राहायला शरीराने आपण होऊन शिकलेलं आहे. तुमच्यात हेच सगळं होतं, फक्त पायाखाली साप नसतो आणि नळीही नसते. मग मन म्हणतं, एवढी धावपळ चालली आहे म्हणजे काहीतरी नक्की आहे, आणि बाहेर काही सापडलं नाही की ते छातीत शोधतं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसला होतात. मला वाटलं पुन्हा काही होतंय. तुम्ही म्हणालात, "केवडं गं ह्ये, शाले. आपन झोपलो तरी ह्ये आपल्यासाटी जागं. आन मी ह्याला शिव्या घालत हुते." शरीराबद्दल एवढी वर्षं इंग्रजीतून वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, पण त्याच्यापुढे नमस्कार करावा असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

कारणांवरून मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही.

मला प्रत्येक गोष्टीला शीर्षक लागतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझं म्हणणं असं की दादा सीमेवर असताना तुम्ही जी वर्षं काढलीत, तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की फौजींच्या घरांतल्या बायका जशा दारात येऊन उभ्या राहत, तिथेच हे रुजलं. तुम्ही म्हणायच्या, "तवा मी घाबरले न्हाई. तवा येळ कुठं हुता? मानूस सुखरूप घरी आलं, पोरं मार्गी लागली, आन मंग कसं काय?" मी म्हणायची, असंच असतं, ताण कधीकधी मागाहून बाहेर पडतो. तुम्ही म्हणायच्या, "माजी आय कालव्याचा पूल एकटी कवा वलांडायची न्हाई. मंग तिचं?" मी म्हणायची, बघा, म्हणजे थोडं रक्तातूनही आलं. तुम्ही म्हणायच्या, "मंग माज्या दोन भनींना कसं न्हाई आलं?"

डॉक्टरांना विचारलं तर ते दोघींनाही बरोबर म्हणाले, याचा दोघींनाही राग आला. थोडं जन्माने, थोडं जगण्याने, थोडं शरीराच्या ठेवणीने. कधी थायरॉइडसारखं काही असतं म्हणून तेही तपासायचं. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्याने सुरू झालं त्यानेच ते चालू राहतं असंही नाही. यावर तुम्ही मला कोपर मारलंत. "बग. ऊस कुनी लावला ते ऱ्हाऊ दे. पानी कोन पाजतंय ते बगा."

पाणी सगळी गल्ली पाजत होती. शहाळ्याचं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे काही फरक नाही, उलट मळमळ, म्हणून तुम्ही त्या कुंडीत टाकायला निघाला होतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की यांना वेळ लागतो आणि मनाने सोडायच्या नाहीत. तुम्ही घेत राहिलात, फार दिवस, आणि पुढे त्यांनीच हळूहळू कमी केल्या. पण खरा बदल झाला तो त्यांच्याकडच्या समुपदेशक मुलीमुळे. तिने तुम्हाला सांगितलं की ज्याची भीती वाटते तेच आपण मुद्दाम करायचं, थोडं थोडं, रोज. काळीज धडधडायची भीती वाटते ना, मग ते धडधडेपर्यंत जिना चढायचा. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे, चालेल.

घरात हाहाकार झाला. अटॅकवाल्या बाईला जिना चढायला लावतात, हा कुठला उपचार? तुमची बहीण म्हणाली, बाहेरचं काही असेल, आधी लिंबू उतरवून टाका. दादा मात्र उठून उभे राहिले. त्यांना पहिल्यांदाच या आजारातलं काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. गच्चीच्या जिन्याशी जाऊन ते म्हणाले, "अटॅक झाला तर पोझिशन सोडायची न्हाई. चल."

"तुमी रिटायर झालाय," तुम्ही म्हणालात. "व्हा बाजूला."

आणि चढलात. मी खाली उभी होते. मधल्या पायरीवर तुम्ही कठडा धरलात, ओठ पांढरे पडले. मी धावणार होते. तुम्ही वरून हात केलात, थांब म्हणून. आणि मोठ्याने म्हणालात, कोणाला ते मला आजही नीट सांगता येणार नाही, "वाजतोय. वाजू दे." तुम्ही तिथेच उभ्या राहिलात, पळाल्या नाहीत, बसल्या नाहीत. भोंगा चढला, वर गेला आणि जसा तो नेहमी उतरतो तसा उतरला. तुम्ही वळून खाली बघितलंत. तसा चेहरा मी तुमचा आधी बघितला नव्हता.

त्या जिन्यानंतर गोठा, मग बांध, मग आठवड्याचा बाजार. मधेच महिनाभर सगळं मागे गेलं, तुम्ही पुन्हा घरात बसलात, पुन्हा जिन्यापासून सुरुवात केलीत. आणि एक दिवस तुम्ही एकट्या बसने विश्रामबागेला आलात. मी थांब्यावर होते. बस थांबली. तुम्ही उतरलात, साडी घामाने पाठीला चिकटलेली, हातात पावट्याची पिशवी. म्हणालात, "तासगाव फाट्यापासनं वाजतोय मेला. म्हटलं, तू वाज, मला शालीकडं जायचंय."

माणसं डोंगर चढतात तेव्हा त्यांचे फोटो निघतात. मी त्या थांब्यावर उभी राहून एका साठी ओलांडलेल्या बाईला बसमधून उतरताना पाहिलं, आणि माझ्या आयुष्यात मी त्याहून मोठं काही पाहिलेलं नाही.

मग इराचं झालं. ती परदेशी शिकायला गेली आणि एका वर्गात, सगळ्यांसमोर बोलायला उभी राहिली असताना तिची छाती अशीच धडधडली. ती वर्गातून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली नाही. तिकडच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय उत्तम, उपचार सुरू झाले. पण तिला ते कोणाला सांगायला लाज वाटे. मी तिला तुमचा नंबर दिला. आक्का, तुमचं आणि तिचं रक्ताचं नातं नाही. ती माझ्या मुलाची मुलगी, तुम्ही माझी जाऊ. ना तिने तारवाला पाहिला, ना कालव्याचा पूल. तरी भोंगा तोच. कारणांची माझी सगळी शीर्षकं तिथे कोसळली, आणि तुम्ही फोनवर नुसतं विचारलंत, "काय गं पोरी, वाजला का?"

तुम्ही तिला कधी घाबरू नको म्हणाला नाहीत. "बस खाली" म्हणाला नाहीत. "आता कुठवर आलाय आवाज?" एवढंच विचारायच्या, आणि वाट बघायच्या. तिच्या डॉक्टरांचं ती ऐकत होती, पण ते सगळं ती तुमच्या शब्दात करत होती.

म्हणून तुमच्या जाण्याने तिचं इतकं मोडलं. तुमच्या कार्यानंतर मी मिरजेला त्याच डॉक्टरांकडे गेले आणि इराचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, आक्कांना मधुमेह होता, वय होतं, हृदयाचा आजार त्याच्या वाटेने आला. तो भोंग्याने आणला नाही. मग मी दादांचा प्रश्न विचारला, कळलं कसं? ते म्हणाले, "त्या इतके दिवस पळून न जाता त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्याचा आवाज त्यांना पाठ झाला होता. हे काहीतरी निराळं आहे, हे त्यांनी ओळखलं. पण सगळ्यांना ओळखता येईलच असं नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, नवं दुखणं आलं तर अंदाज करत बसू नका, दाखवा. आक्कांनी तेच केलं." तुम्ही भोंगा म्हणून अंगावर काढलं नाहीत, आणि अटॅक म्हणून ओरडलाही नाहीत. तुम्ही गाडी काढा म्हणालात.

इथवर लिहून, हे इराला कसं सांगायचं ते ठरवत मी काल दुपारी तुमच्या ओसरीवर बसले होते. दादा शेजारी, तुम्ही अर्धवट सोडलेल्या शेंगा कोणी टाकून दिल्या म्हणून अजून धुसफुसत. तेवढ्यात इराचा फोन आला, चेहरा दिसणारा. अंगात कोट, खांद्याला पिशवी, आणि पाठीमागे तिच्या खोलीचं उघडं दार. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"आजी, आज मला बोलायचंय वर्गात. आजी, वाजतोय."

मी ठरवलेलं सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि आपल्या कारखान्याचा चारचा भोंगा सुरू झाला. आक्का, तुम्हाला ठाऊक आहे तो कसा सुरू होतो. मला माझाच आवाज ऐकू येईना. मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. पलीकडे इरा डोळे मोठे करून ऐकत होती. तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेला भोंगा तिने कधी खरा ऐकलाच नव्हता. दादांनी मान वर केली नाही. समोरच्या दारातली बाई धुणं वाळत घालत होती, ती घालत राहिली. शेळी रवंथ करत होती.

भोंगा चढला, वर गेला, उतरला.

"थांबला," इरा म्हणाली.

"थांबतोय की," दादा म्हणाले. मग फोनकडे वाकून त्यांनी विचारलं, "तुजा कुठवर आला, पोरी?"

तिने फोन बाहेर तोंड करून छातीशी धरला असावा, कारण तिचा चेहरा गेला आणि पडद्यावर नुसता जिना दिसायला लागला. एक पायरी, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची.